आमच्या घरात सगळं फ्रीस्टाइल

४ मार्च, बुधवार
कन्येच्या सायकलची फ्रेम तडकली. पेडलच्या वर, जोडापाशी, केसाएवढी भेग. मला चष्मा लावूनही दिसली नाही. पण कोच म्हणाला, यावर आता बसायचं नाही. कोच म्हणाला की विषय संपला. तेच बाप म्हणाला असता तर 'हो रे बाबा, बघते'.

जेवताना कन्या म्हणाली, दुकानात माझ्या मापाची एक तयार बीएमएक्स आहे, शनिवारी घेऊन टाकूया. ७ जूनला क्लबच्या टीमची निवड आहे. गेल्या वर्षी एका जागेने हुकली. तेव्हा आठवडाभर कोणाशी धड बोलली नव्हती. माझ्याशी तर मुळीच नाही. का, ते अजून कळलेलं नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हतोसुद्धा.

मी म्हणालो, तयार? सगळी हयात खरेदी विभागात घालवलेल्या माणसाची मुलगी तयार सायकलवर बसणार? मी बांधून घेईन. फ्रेमपासून शेवटच्या नटापर्यंत एकेक पार्ट स्वतः निवडून. असं काही उभं करीन की टीमवाले तोंडात बोटं घालतील.

कन्या तिच्या आईकडे बघायला लागली. सौ. भाजीकडे. दोघी भारावल्या असाव्यात.

निश्चय: मार्च संपायच्या आत सायकल दारात.

५ मार्च
अभ्यास सुरू. बीएमएक्सचे व्हिडिओ पाहिले. काय खेळ आहे! पोरं जिन्याच्या कठड्यावरून सायकल घासत नेतात, हवेत हँडल गरगर फिरवतात, उलटी होतात, परत चाकांवर. आपली कन्या हे सगळं करते! अंगावर काटा आला. आजवर तिला सरावाला सोडतो आणि ती येईपर्यंत गाडीतच बसतो, कारण ऑफिसचे फोन असतात. मैदान आडोशाला आहे, दिसत नाही. पण साधारण कल्पना होतीच.

ऑफिसात दोघांना व्हिडिओ दाखवले. तुमची मुलगी हे करते? म्हणाले. मी नुसता हसलो.

११ मार्च
वस्तू घेण्याआधी वापरणाऱ्याची गरज समजून घ्यायची, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. म्हणून कन्येला सहज विचारलं, सायकल कशी हवी गं तुला? म्हणाली, हलकी हवी, आणि गेटमधून झटकन सुटली पाहिजे.

मी म्हणालो, बाळा, गेटमधून कोण अडवतंय तुला? वॉचमन तर झोपलेलाच असतो.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, पुढे नंबर प्लेट लावता आली पाहिजे. हसू आवरेना. सायकलला नंबर प्लेट! मोठी झाली वाटते, पण लहानच आहे अजून. गरजा समजल्या. पुढे जायला हरकत नाही.

१४ मार्च, शनिवार
दुकानात एकटाच गेलो. आता हे सरप्राइज ठेवायचं ठरवलं आहे, म्हणून कन्येला नेलं नाही. ती म्हणाली होती ती तयार सायकल दारातच टांगलेली होती, निळी. चांगली वाटली, म्हणून लगेच नजर वळवली.

दुकानदार मोठा हसरा माणूस. पहिलाच प्रश्न: कशासाठी हवी सर, रेसिंग की फ्रीस्टाइल? मी त्याला स्पष्ट सांगितलं, रेसिंग वगैरे भानगड नको. पोरांना शर्यतीला जुंपणारे आईबाप आम्ही नव्हे. आमच्या घरात सगळं फ्रीस्टाइल.

हसऱ्याचा चेहरा एकदम उजळला. सर, मग तुम्ही आत या, म्हणाला. आतल्या खोलीत सगळ्यांना नेत नसणार. फ्रेमवर धूळ बरीच होती. खास माल उठसूट कोणी काढत नाही, त्यामुळे.

घरी येऊन सौ.ला म्हणालो, आपलं धोरण फ्रीस्टाइल आहे. ती म्हणाली, ते लग्नापासून बघतेय.

२२ मार्च
तीन फ्रेम अंतिम फेरीत. एक काळी, एक तांब्याच्या रंगाची, आणि एक जिला रंगच नाही, नुसता पारदर्शक लेप, खालचं वेल्डिंग दिसतं. पुढच्या नळीचा कोन एकीचा पंचाहत्तर अंश, दुसरीचा साडेपंचाहत्तर. सौ.ने विचारलं, अर्ध्या अंशाने काय होतं? म्हणालो, अगं, त्यातच तर सगळं आहे. सगळं म्हणजे काय ते विचारील म्हणून हात धुवायला उठलो.

फ्रेमच्या लांबीसाठी हसऱ्याने मुलीची उंची विचारली. नेमकी आठवेना. कन्या माझ्यावर गेली आहे, तेव्हा माझ्यापेक्षा दोन बोटं कमी धरली.

३१ मार्च
मार्च संपला. सायकल नाही. पण मार्च कुठला, हे मी लिहिलेलं नव्हतं. (पाहिलं. लिहिलेलं नाही.)

साहेबांनी खुर्च्यांच्या फाइलची चौकशी केली. ऑफिससाठी नव्या खुर्च्या घ्यायचं काम मागच्या दिवाळीपासून माझ्याकडे आहे. म्हणालो, पाठीचा कोन ठरतोय. ते म्हणाले, लोक स्टुलावर बसतायत. घाईने खरेदी करणाऱ्यांनीच संस्था बुडवल्या आहेत, पण हे साहेबांना कोण सांगणार. मी नाही सांगितलं.

५ एप्रिल
निर्णय! बिनरंगाची फ्रेम. कारण तिच्यावर ब्रेक बसवायला जागाच नाही. हसरा म्हणाला, सर, खरे जाणकार ब्रेक लावतच नाहीत. मी म्हणालो, ते मला माहीत आहे. (व्हिडिओत पाहिलं होतं. थांबायचं झालं तर बूट मागच्या चाकावर दाबायचा.)

हसरा म्हणाला, नंतर वाटलं तरी या फ्रेमला ब्रेक लागणार नाही हां सर. मी म्हणालो, मी एकदा निर्णय घेतला की मागे बघत नाही. त्याने फ्रेम लगेच बिलावर घेतली. असं खंबीर गिऱ्हाईक त्याला क्वचितच मिळत असणार.

निश्चय: उरलेले पार्ट आठवड्यात.

१२ एप्रिल, रविवार
हबचा पेच. हब म्हणजे चाकाच्या मधला गड्डा. एका प्रकारात सायकल मागे गेली तर पेडल उलटी फिरतात, दुसऱ्यात फिरत नाहीत. माणसाने सायकलवरून मागे का जावं हा प्रश्न मला पडला होता, पण तो मी कोणाला विचारला नाही.

जेवताना हबचेच फोटो बघत होतो. सौ. मध्येच काहीतरी बोलत होती. तिचा भाऊ, क्लब, पोरीचा सराव बुडतोय, किती दिवस मागून चालवणार, घेऊन टाकू का. मी म्हणालो, हो. ती म्हणाली, नीट ऐकलंत ना? मी म्हणालो, अगं हो, घे ना. कार्ड द्या म्हणाली, दिलं. काहीतरी घरातलं असेल. मिक्सर कुरकुरतोय बरेच दिवस.

पेडल उलटी न फिरवणारा हब ठरवला. महाग आहे, म्हणजे विचारपूर्वक केलेला असणार.

१४ एप्रिल
विलक्षण दिवस. ऑफिसातून आलो तर कन्या दारातच गळ्यात पडली. थँक्यू बाबा, थँक्यू, थँक्यू, मला वाटलं नव्हतं तू हो म्हणशील. चौथीनंतर पहिल्यांदाच गळ्यात पडली असेल. डोळ्यांत पाणीच आलं खरं तर. म्हणालो, अगं, अजून तू पाहिली कुठेय! ती म्हणाली, म्हणजे काय, आत्ताच चालवून आले. मुलं भावनेच्या भरात काहीही बोलतात.

सरप्राइज फुटलं, हे उघड आहे. हसऱ्यानेच कुठेतरी तोंड उघडलं असणार. पण मी ताकास तूर लागू दिली नाही. नुसतं म्हणालो, ७ जूनला बघच. ती म्हणाली, तू येणारेस? खरंच? मी म्हणालो, म्हणजे काय.

आता काही झालं तरी सायकल अशी झाली पाहिजे की बस.

२६ एप्रिल
हब बाहेरून यायचा आहे. अजून आलेला नाही. स्पोक काळे की चंदेरी, यावर हसऱ्याशी दीर्घ चर्चा. तो म्हणाला, सर, तुम्ही सांगाल ते. हा माणूस मला कधी विरोध करत नाही. दोन जाणकारांत मतभेद होत नाहीत, ते असे.

कन्येला सरावाला सोडलं. तिकडून बाहेर आली तेव्हा हातात कोणाची तरी निळी सायकल होती, ती क्लबच्या शेडमध्ये ठेवून आली. मैत्रिणीची असेल. परक्याची सायकल मागून चालवायची आणि तक्रार नाही, कुरकुर नाही. आणखी थोडा धीर धर गं पोरी.

९ मे
हब आला. पण आता पेगचा प्रश्न. पेग म्हणजे चाकाच्या आसाला बाहेरून लावतात ते नळकांडं. त्यावर उभं राहायचं किंवा कठड्यावर घासायचं. हसऱ्याने विचारलं, दोन लावू की चार? डावीकडे लावू की उजवीकडे? कन्या कोणत्या बाजूने घासते? मी म्हणालो, चारही लावा. तिला पूर्ण मोकळीक हवी.

सायकल उचलून पाहिली. जड झाली आहे. हसरा म्हणाला, मजबूत आहे सर. कन्येने 'हलकी हवी' म्हटलं होतं, पण तिने मजबूत माल कधी पाहिलेलाच नाही, तिची तडकली ती त्यामुळेच.

सौ. म्हणाली, हल्ली शनिवारी कुठे गायब असता? म्हणालो, कामं असतात. ती म्हणाली, पोरीचा एकदा सराव तरी बघा जाऊन, किती छान सुटते आता. मी मनात म्हणालो, सुटेल, सुटेल, आणखी छान सुटेल.

२० मे
विश्वासघात. मी रजेवर असताना (हँडलबारची उंची ठरवायची होती) साहेबांनी खुर्च्यांची फाइल माझ्या हाताखालच्या पोरीला दिली. तिने काय केलं? स्टुलावर बसणाऱ्यांना जाऊन विचारलं, तुम्हाला कशी हवी. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ऑर्डर देऊन मोकळी. ना तौलनिक तक्ता, ना कोनाचा अभ्यास. आज खुर्च्या आल्याही. सगळे बसून हसत होते.

मी स्टुलावरच बसलो. निषेध म्हणून. कोणाच्या लक्षात आलं नाही.

३० मे, शनिवार
झाली! सायकल झाली! बिनरंगाची फ्रेम, काळे स्पोक, तांब्याच्या रंगाचे चार पेग, सीट इतकी खाली की सीट आहे हे सांगावं लागतं. दुकानाच्या उजेडात अशी चमकत होती की बघत राहावं. हसऱ्याने माझा आणि सायकलचा फोटो काढला.

माल ताब्यात घेण्याआधी चाचणी घेणं हे खरेदी अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे. दुकानामागच्या उतारावर गेलो. बसलो. लांबी मला अगदी फिट, म्हणजे तिलाही बसणार. गुडघे हँडलला लागत होते, ते स्टाइल म्हणून लागतात. उतार सुरुवातीला सौम्य वाटला.

थांबण्यासाठी बूट मागच्या चाकावर दाबला. ऑफिसचा बूट. जळका वास आला, पण वेग गेला नाही. समोर कुंड्या होत्या. त्यांच्याकडे वळायचा निर्णय मी पूर्ण विचाराने घेतला, कारण दुसरीकडे भिंत होती.

सायकलला ओरखडाही नाही. मजबूत आहे.

३१ मे
उजवा खांदा वर जात नाही. सौ.ला म्हणालो, ऑफिसातल्या स्टुलामुळे. ती म्हणाली, खुर्च्या आल्या ना? या घरात गोष्टी कळतात कशा, हे एक कोडंच आहे. मलम तिनेच लावलं. लावताना हसत का होती, विचारलं नाही.

६ जून
उद्या. कन्या हेल्मेट पुसत बसली आहे. जवळ गेलो तर म्हणाली, बाबा, भीती वाटतेय रे. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी वय निघून जातं, मोठ्यांच्या गटात टाकतात. मी म्हणालो, वेडी का तू? उद्या तुझ्याखाली जे काही असेल ना, त्याला तोड नाही. ती हसली. म्हणाली, हो, मस्तच आहे ती. (हसऱ्या, तुला बघून घेतो.)

मग म्हणाली, पहिलीच फेरी माझी आहे, लवकर ये हं. म्हणालो, तुझ्या आधी तिथे असेन.

निश्चय: पहाटे उठणे. दुकान उघडताच तिथे दडवून ठेवलेली सायकल घेणे. तिच्या हँडलला लाल रिबीन.

७ जून, रविवार, सकाळी
सौ., कन्या आणि मेहुणा मेहुण्याच्या गाडीतून पुढे गेले. रिकाम्या हाताने! सायकलीबद्दल एक शब्द नाही. माझ्यावर किती हा विश्वास. गहिवरून आलं.

दुकान अजून बंद. हसरा फोन उचलत नाही. दाराशी उभा राहून हे लिहितोय.

७ जून, संध्याकाळी
लिहू की नको असं झालं आहे. पण शिस्त म्हणजे शिस्त.

हसरा आला तेव्हा ऊन चढलं होतं. सायकल घेऊन पोचलो. मैदानात पहिल्यांदाच आत गेलो. कठडे नाहीत, जिने नाहीत. मातीचे उंचवटे, वळणं, आणि एका टोकाला उतारावर एक लोखंडी फळी. तिच्यामागे आठ मुलं सायकली टेकवून उभी. फळी खाली पडते आणि सगळी सुटतात. शेजारच्या माणसाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, गेट.

प्रत्येकाच्या हँडलला नंबर प्लेट होती.

सायकली तपासायच्या टेबलावर गेलो. तिथल्या माणसाने माझी सायकल पाहिली आणि दुसऱ्याला हाक मारली. मग दोघांनी पाहिली. म्हणाले, ब्रेक कुठे आहे? मी म्हणालो, खरे जाणकार लावत नाहीत. ते म्हणाले, इथे ब्रेकशिवाय उतरताच येत नाही. आणि हे चार पेग, हे तर चालतच नाहीत, कोणाच्या पायात घुसतील. ही फ्रीस्टाइलची आहे साहेब. ही रेस आहे.

मी वाद घातला. बराच घातला. मी कोणत्या विभागात आहे तेही सांगितलं. तुमची मुलगी कोण, विचारलं, सांगितलं. त्याने कागद बघितला आणि म्हणाला, तिची सायकल सकाळीच पास झाली की. निळी.

मी म्हणालो, काहीतरी घोटाळा आहे, तिची सायकल ही आहे. तो म्हणाला, साहेब, जरा बाजूला व्हा, मागे रांग लागलीय.

तेवढ्यात फळी पडली. वळून पाहिलं तर सगळ्यांत पुढे निळी सायकल! मी सगळं विसरलो. आपली सायकल एका हाताने ढकलत कुंपणाच्या कडेने पळत सुटलो, शाब्बास गं, सोडू नको, बाबा आलाय, बाबा आलाय! पेग पोटरीवर आपटत होता, भान नव्हतं. निळी पहिली आली. मी नाचलो, खांदा दुखत असतानाही. मग निळीवाल्याने हेल्मेट काढलं. कोणाचा तरी मुलगा होता, मिसरूड फुटलेला. त्याची आई मला थँक्यू म्हणाली.

सौ. मागे येऊन उभी होती. किती वेळ, माहीत नाही. म्हणाली, पोरीची फेरी केव्हाच झाली. पहिली आली. टीममध्ये घेतलं. तुम्हाला शोधत होती.

मी विचारलं, ती निळी सायकल कधी घेतली? सौ. म्हणाली, एप्रिलमध्ये, क्लबच्या शेडमध्येच असते. तुम्हीच हो म्हणालात, कार्ड दिलंत. ती गळ्यात पडली होती तुमच्या त्यासाठी. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या सायकलकडे गेलं, लाल रिबिनीकडे गेलं, आणि तिने रिबिनीची सुटत आलेली गाठ नीट बांधली.

कन्या धावत आली. धुळीने माखलेली, लालबुंद, नुसती उड्या मारत होती. बाबा, पाहिलंस ना? माझा स्टार्ट पाहिलास ना? मी म्हणालो, पाहिला. एकदम फर्स्ट क्लास.

मग तिला माझ्या हातातली सायकल दिसली. फ्रेमवरून हात फिरवला, वाकून हब पाहिला, पेग मोजले. भारी आहे रे बाबा, म्हणाली. कोणाची आहे?

ऑफिसातल्या एकाची, म्हणालो. बघायला आणली होती.